गेस्ट लिस्टवर गेलो म्हणून रिव्ह्यू गोडच लिहायचा का?

फीडबॅकची_शिट्टी:
शनिवारच्या गिगचे फोटो आणि रिव्ह्यू टाकले, त्यावर बँडमधल्या एकाची पोस्ट आली. 'गेस्ट लिस्टवर फुकट यायचं, सगळ्यांच्या पुढे उभं राहून फोटो काढायचे आणि घरी जाऊन आमच्या गायकाला बेसूर म्हणायचं. नागपूरचा सीन असेच लोक मारतात. चांगलं लिहिता येत नसेल तर नुसते फोटो टाका.' खाली सगळे टाळ्या वाजवतायत.

मी लिहिलं काय होतं? दुसऱ्या गाण्यात गायक सुराच्या खाली उतरला, ड्रमर प्रत्येक कोरसला लय सोडून पुढे पळाला, आणि दोन गाण्यांच्या मधे ट्यूनिंग इतकं लांबलं की पब्लिक बारकडे वळलं. शेवटचं गाणं, ज्यात आधी नुसती बेस गिटार आहे आणि मग गिटार दोनच तारांवर फिरत राहते, ते कुठल्याही शहरात उभं राहील हेही लिहिलं होतं. ते कोणाच्या डोळ्यात भरलं नाही. इथे ओरिजिनल, म्हणजे स्वतःची गाणी वाजवणारे बँड मोजके, मान्य. म्हणून प्रत्येक वेळी 'फाडलं भाऊ' म्हणायचं? १९९३ मध्ये अमित सैगलनी रॉक स्ट्रीट जर्नल हे रॉक संगीताचं मॅगझिन काढलं ते अलाहाबादहून. तेही काही मेट्रो नव्हतं. कोणीतरी लिहायला लागलं की सीन होतो.

तर्रीवाला:
त्या पोस्टला टाळी वाजवणाऱ्यांत मी होतो. हाव, बेसूर होता. काहून होता ते विचारलं का बे? वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, मॉनिटर, एकच, तोही ड्रमरकडे तोंड करून ठेवलेला. साउंडचेकला चारला बोलावलं, साउंडवाला आला सातला. गायकाला स्वतःचा आवाज ऐकूच येत नसेल तं सूर कुठून लागणार? यातलं एक अक्षर नाही तुझ्या रिव्ह्यूत. आणि तू डोळा व्ह्यूफाइंडरला लावून होतास, गाणं ऐकलंस कधी? एका हातानं फोटो, एका हातानं रिव्ह्यू, दोन्ही अर्धेच होतात.

फीडबॅकची_शिट्टी:
तिसऱ्या गाण्यानंतर कॅमेरा बॅगेत होता. मॉनिटरचं ठीक आहे, एक ओळ घालतो. ड्रमर पळाला त्याला कोणता मॉनिटर जबाबदार? तो तर त्याच्याचकडे होता ना!

ऑरेंजसिटी_जुना:
पण ही मंडळी मराठीत काहून गात नाहीत? धरमपेठेतली पोरं अन् उच्चार लंडनचे.

तर्रीवाला:
काका, दर धाग्यात हेच.

लालदिवा_६४००:
रिव्ह्यूचं जाऊ द्या. 'नुसते फोटो टाका' या वाक्यावर कोणीच बोलेना? फोटो काय झाडाला लागतात? त्या स्टेजवर लाल एलईडीशिवाय काही नाही. सेन्सरचा लाल चॅनल पहिल्यांदा जळतो, चेहऱ्याचा नुसता लाल गोळा होतो, नाक-डोळे सापडत नाहीत. ५० एमएम १.८ लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ६४०० वर, शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू केला की ड्रमरचे हात धूसर होऊन गायब. सायलेंट शटर लावला तर एलईडीच्या लपलपीचे आडवे पट्टे. शेवटी ब्लॅक अँड व्हाइट करून अब्रू वाचवायची. मागच्या वर्षी एका क्लबनं माझा फोटो पुढच्या गिगच्या बॅनरवर लावला. कोपऱ्यातलं नाव कापून! विचारलं तर मॅनेजर म्हणतो, 'बिअरचं कूपन देतो ना.'

तर्रीवाला:
एन्ट्री फुकट, वर बिअर. अजून काय पाहिजे?

लालदिवा_६४००:
कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. कोणी मोबदला देऊन फोटो काढायला लावला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालक काढायला लावणारा. नाहीतर मालक फोटोग्राफर. म्हणजे क्लबनं पैसे देऊन काढायला लावला असता तर बॅनरवरचा फोटो त्यांचा होता. मी फुकटात काढला म्हणून माझा आहे.

तर्रीवाला:
मग एन्ट्री म्हणजेच मोबदला झाला. तुझ्याच कायद्यानं तू गेलास. आणि चेहरे आमचे, वादन आमचं, कलाकाराचा हक्क नावाचं काही असतं की नाही?

लालदिवा_६४००:
असतो, कलम ३८अ. तो आवाजाच्या आणि दृश्याच्या रेकॉर्डिंगला आहे, आणि दृश्य रेकॉर्डिंग म्हणजे हलती चित्रं. स्थिर फोटो त्यात बसत नाही. रिव्ह्यूसाठी प्रयोगाचा छोटा तुकडा वापरायलाही ३९ मध्ये सूट आहे. आणि एन्ट्रीचं म्हणशील तर मला फोटो काढायला कोणी बोलावलंच नव्हतं. मी विचारून आलो होतो.

तर्रीवाला:
वकीलसाहेब, बँड चार पोरांचा आहे. गिगचे पैसे पेट्रोलात जातात. तुला कोणत्या खिशातून देऊ?

लालदिवा_६४००:
तुझ्याकडे मागितले कोणी? क्लबकडे मागतोय. पण तू त्याच क्लबची वकिली करतोयस, कारण पुढची तारीख पाहिजे.

तर्रीवाला:
तोंड सांभाळून. माझी तारीख मी वाजवून मिळवतो.

रामदासपेठ_ताई:
तुम्हा दोघांचं झालं असेल तर एक सांगते. मी तिकीट काढून येते आणि गिगभर तुमच्यासारख्यांच्या पाठी बघते. मोठ्या कॉन्सर्टमध्ये फोटोग्राफरला पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर, असा रिवाज असतो. इथे शेवटपर्यंत पुढे ठाण मांडून. त्या दिवशी एकानं फ्लॅश मारला तो थेट गायकाच्या डोळ्यात, बिचारा ओळच विसरला. तेही रिव्ह्यूत नाही. फीडबॅकवाले दादा तिसऱ्यानंतर मागे आले होते, हे खरं. बाकीचे?

लालदिवा_६४००:
फ्लॅशवाला मी नव्हतो.

तर्रीवाला:
आणि फोटो टाकताना जरा बघून टाका. गायकाचं तोंड एकात असं वाकडं की त्याच्या आईनं फोन केला.

फीडबॅकची_शिट्टी:
तो फोटो उडवणार नाही. गातानाचं तोंड तसंच असतं. क्लॅश या ब्रिटिश बँडच्या १९७९ च्या अल्बमच्या कव्हरवरचा, बेस गिटार आपटतानाचा फोटो तो काढणाऱ्या पेनी स्मिथलाच नको होता, फोकस नाही म्हणून. बँडनं हट्टानं तोच घेतला.

तर्रीवाला:
क्लॅशमध्ये आणि आमच्यात फरक आहे रे.

फीडबॅकची_शिट्टी:
तेच तर मी रिव्ह्यूत लिहिलं होतं.

तर्रीवाला:
हाव, मारला टोमणा. मॉनिटरची ओळ घाल आधी, मग बोलू. अन् ड्रमर पळतो हे आम्हालाबी माहीत आहे, ते गावभर सांगायची गरज नव्हती.

ऑरेंजसिटी_जुना:
मराठीचं कोणी उत्तर दिलं नाही.