कुत्र्या-मांजरांच्या तातडीच्या उपचारांवरील संशोधन: आठवड्याला दोन तास आणि एकच उपकरण, सुरुवात कुठून करावी?

रात्रपाळी_पशुवैद्य:
नमस्कार. मी लहान प्राण्यांचा सर्वसाधारण दवाखाना चालवतो. संध्याकाळनंतर तिथे मी आणि एक मदतनीस एवढेच असतो आणि गाडीखाली आलेले कुत्रे किंवा लघवी तुंबलेला बोका नेमका त्याच वेळी येतो. शिकत असताना शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या, कुत्र्यासाठी किलोमागे 90 मिलिलिटरपर्यंत सलाईन असा आकडा पाठ केला होता. आता नवे सहकारी 10 ते 20 मिलिलिटर पंधरा-वीस मिनिटांत द्या, मग पुन्हा तपासा आणि गरज असेल तरच पुढचा हप्ता द्या असे सांगतात, तेव्हा मधल्या काळात बरेच काही वाचायचे राहून गेले हे मान्य करावे लागते. माझ्या अटी अशा: वाचनासाठी आठवड्याला दोनच तास मिळतात, वर्गणीचे नियतकालिक नको, आणि संशोधनाचा आधार असलेले एकच नवे उपकरण घ्यायचे आहे, तेही हातात मावेल असे. अल्ट्रासाऊंड यंत्र माझ्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून ते कृपया सुचवू नये.

प्रोबधारी:
आपली अट वाचली, तरीही अल्ट्रासाऊंडच घ्यावे असे सुचवतो. वाहनाने धडक दिलेल्या 100 कुत्र्यांवरील अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात पोटाच्या चार ठरावीक जागी प्रोब टेकवून 45 कुत्र्यांच्या पोटात द्रव आढळला, आणि हे काम क्ष-किरणतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनाही जमते हेच त्या अभ्यासाचे मोल आहे. माझ्याकडे यंत्र आल्यापासून मी दारातून आलेल्या प्रत्येक अपघाती कुत्र्याला आधी प्रोब लावतो आणि मग मालकाचे नाव विचारतो. हिरड्या अजून गुलाबी असलेली, म्हणजे वरून ठीक दिसणारी, एक कुत्री केवळ या सवयीमुळे वेळेत शस्त्रक्रियेला गेली. हातात मावणारे प्रोबही आता मिळतात, म्हणजे आपली एक अट तरी पाळली जाते.

लॅक्टेटप्रेमी:
एकच उपकरण घ्यायचे असेल, तर लॅक्टेट मीटर. पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात जे वाढते ते लॅक्टेट. स्ट्रिप लावायची, रक्ताचा एक थेंब टेकवायचा आणि मिनिटभरही न थांबता आकडा वाचायचा. जठराला पीळ पडलेल्या 102 कुत्र्यांच्या 1999 सालच्या अभ्यासात लॅक्टेट 6 मिलिमोलपेक्षा कमी असलेल्या गटातील 99 टक्के कुत्री वाचली आणि त्याहून जास्त असलेल्या गटातील 58 टक्के. इतका स्वच्छ फरक आपल्या क्षेत्रात क्वचितच पाहायला मिळतो. मी तीन वर्षांपासून हे मीटर वापरत असून मालकाशी बोलताना त्याने मला कधीही तोंडघशी पाडलेले नाही.

केसपेपर_वाचक:
लॅक्टेटप्रेमी यांचे आकडे बरोबर आहेत, मात्र ते मालकापुढे ठेवण्याआधी थोडे थांबावे. मी हाच आकडा हाती धरून एकदा चांगलाच फसलो आहे. धरपकडीत फिस्कारणाऱ्या एका मांजरीचे रक्त घेतले, लॅक्टेट 6 च्या पुढे निघाले, मी गंभीर चेहऱ्याने मालकांना बसवून घेतले, आणि अर्ध्या तासाने पिंजऱ्यात शांत झालेल्या त्याच मांजरीचा आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. झटापटीने लॅक्टेट वाढते हे पुस्तकात वाचले होते, ते त्या दिवशी समजले. पिळाच्या रुग्णांवर पुढे झालेल्या अभ्यासांतही पहिल्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष उपचारानंतर तो किती उतरला याकडे दिले गेले आहे.

खरा मुद्दा याहून मोठा आहे. आपल्या क्षेत्रातील बरेचसे संशोधन जुन्या केसपेपरांवरून मागे वळून केलेले असते, आणि त्यात ‘दगावले’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी बसवलेल्या असतात: उपचार चालू असताना गेलेला प्राणी, आणि ज्याला सुखमरण देण्यात आले तो प्राणी. दुसऱ्या प्रकारात खर्च, थकवा, डॉक्टरांनी वर्तवलेला अंदाज असे सगळेच मिसळलेले असते. लॅक्टेट जास्त म्हणून डॉक्टर निराश होतात, त्यांचे बोलणे ऐकून मालक सुखमरणाला होकार देतात, आणि पुढच्या अभ्यासात तोच प्राणी ‘लॅक्टेट जास्त असलेले मरतात’ या वाक्याचा पुरावा ठरतो. माणसांच्या अतिदक्षता विभागातही उपचार थांबवण्याचे निर्णय होतात, पण आपल्याकडे या गोष्टीचा आकड्यांवर पडणारा भार कितीतरी जास्त असतो. म्हणून कोणताही लेख हाती घेतला की निष्कर्ष बाजूला ठेवून आधी मृत्यूंचा तक्ता उघडावा आणि सुखमरणाचे प्राणी वेगळे मोजले आहेत का ते पाहावे. नसतील, तर आपल्या दोन तासांपैकी दीड तास तिथेच वाचला.

मोत्याची_आई:
मी डॉक्टर नाही, फक्त वाचक आहे, तरी वरचे वाचून लिहावेसे वाटले. आमच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडला तेव्हा डॉक्टरांनी मीटरवरचा आकडा दाखवला, जगण्याची शक्यता निम्मी सांगितली, आणि पाच मिनिटांत मी कागदावर सही केली. निम्मी शक्यता म्हणजे खूप असते हे मला दुसऱ्या दिवशी सुचले. डॉक्टरांना मी दोष देत नाही. फक्त तो आकडा कुठून आला होता हे मला आज कळले.

दोन_मिनिटे:
ताई, तुमचे वाचून क्षणभर काहीच लिहिता आले नाही.

मूळ प्रश्नाकडे वळतो. वाचनाची सुरुवात रिकव्हर या पशुवैद्यकीय उपक्रमाच्या सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचे उपचार) मार्गदर्शक तत्त्वांपासून करावी. ती पहिल्यांदा 2012 साली आली, 2024 साली सुधारली गेली, ती वाचण्यासाठी वर्गणी लागत नाही, आणि प्रत्येक शिफारशीमागचा पुरावा किती भक्कम किंवा किती लंगडा आहे हे तिथे उघडपणे लिहिलेले असते. बहुतेक कुत्र्यांना कुशीवर झोपवून छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दाब, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलायचा, श्वासनलिकेत नळी घातली असेल तर दाब न थांबवता मिनिटाला 10 श्वास. नव्या आवृत्तीत मांजरांसाठी एका हाताने छाती वेढून किंवा दोन अंगठ्यांनी दाब देण्याचा पर्याय मांडला आहे आणि ॲड्रेनलिनचा मोठा डोस वगळला आहे. उपकरणच घ्यायचे तर कॅप्नोग्राफ घ्यावा, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड 18 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली रेंगाळत असेल तर आपले दाब अपुरे पडत आहेत हे तो तोंडावर सांगतो, आणि आकडा एकाएकी उसळला तर हृदय पुन्हा चालू झाल्याची ती पहिली खूण असते.

अपेक्षा मात्र मर्यादित ठेवाव्यात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीपीआर दिलेल्या 204 कुत्र्या-मांजरांपैकी 12 घरी गेली. भुलीखाली असताना हृदय थांबलेल्यांचे निकाल याहून बरेच चांगले असतात, आणि सर्वसाधारण दवाखान्यात नेमके तेच रुग्ण आपल्या हाताखाली असतात.

जाडजूड_ग्रंथ:
दोन तासांत काहीही होत नाही. अतिदक्षतेवरील एखादा प्रमाणग्रंथ विकत घ्यावा, वर्षभराचा अभ्यासक्रम करावा, आणि शक्य असल्यास एखाद्या मोठ्या रुग्णालयात महिनाभर राहून काम पाहावे. मी हे तिन्ही केले आहे. तुकड्या-तुकड्यांनी लेख वाचणाऱ्यांना प्रत्येक महिन्यात नवा साक्षात्कार होतो आणि रुग्णाला मात्र जुनाच डोस मिळतो.

सलाईनवादी:
वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही, पण माझा मुद्दा निराळा आहे. मूळ लेखकांनी 90 मिलिलिटरचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आफ्रिकेतील तीव्र तापाच्या 3141 बालकांवरील 2011 सालच्या चाचणीत झटपट सलाईन दिलेल्या गटांत मृत्यू जास्त झाले, आणि त्यानंतर सगळीकडेच हात आखडता घेतला गेला. माझ्या मते प्राण्यांच्या बाबतीत हा उतावळेपणा झाला. तापाने फणफणलेले बालक आणि प्लीहा फुटून रक्त वाहत असलेले कुत्रे यांची तुलना कशी करता येईल?

केसपेपर_वाचक:
तुलना जपूनच करावी, हे मान्य. पण डोक्याला मार लागलेल्या प्राण्याला स्टेरॉइड देणे आपण का थांबवले ते आठवावे. 2004 साली आलेल्या चाचणीत दहा हजारांहून अधिक माणसे होती आणि स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू वाढले. कुत्र्यांवर तेवढी मोठी चाचणी कोण करणार होते? तुमचा फुटलेल्या प्लीहेचा दाखला तर उलट बाजूला जातो, कारण रक्तस्राव थांबलेला नसताना धो-धो सलाईन दिले की रक्त पातळ होते, दाब चढतो आणि बसत आलेली गाठ सुटते.

लॅक्टेटप्रेमी:
चर्चा भरकटली आहे. लॅक्टेट मीटर घ्यावे, एवढेच पुन्हा सांगतो. मांजरीला नीट धरता आले नाही, यात मीटरचा दोष नाही.

मार्जारपक्ष:
संपूर्ण धाग्यात मांजर फक्त फिस्कारण्यापुरते आले, याची नोंद घ्यावी. शॉकमधील कुत्र्याचे हृदय धावते. मांजराचे हृदय मात्र अनेकदा मंदावते, अंग गार पडते आणि रक्तदाब उतरतो, म्हणून कुत्र्यांवर बेतलेला ‘नाडी भागिले वरचा रक्तदाब’ हा शॉकचा निर्देशांक मांजराला डोळे झाकून लावू नये. गार पडलेल्या मांजराला ऊब न देता सलाईन रेटले, तर अंग गरम होताच तेच पाणी फुफ्फुसात उतरू शकते. रक्त देण्याची वेळ आली तर पहिल्याच वेळी गट तपासणे अनिवार्य आहे, कारण समोरच्या गटाविरुद्धची प्रतिपिंडे मांजराच्या अंगात जन्मानंतर आपोआप तयार होतात आणि बी गटाच्या मांजराला ए गटाचे थोडे रक्तही जिवावर बेतते. माझी शिफारस डॉप्लर रक्तदाबमापकाची आहे, आणि त्याच्या जोडीला साधा थर्मामीटर, जो आपल्याकडे असूनही तुम्ही सगळे वापरायला विसरता.

रात्रपाळी_पशुवैद्य:
सर्वांचे मनापासून आभार. विचारांती मी यांपैकी कोणतेही उपकरण तूर्त न घेण्याचे ठरवले आहे, याबद्दल प्रोबधारी, लॅक्टेटप्रेमी, दोन_मिनिटे आणि मार्जारपक्ष यांनी राग मानू नये. थर्मामीटर मात्र खणातून काढून टेबलावर ठेवला आहे.

केसपेपर_वाचक यांचा मुद्दा आणि मोत्याच्या आईंचा अनुभव वाचल्यावर मी माझे मागच्या वर्षाचे केसपेपर काढून बसलो. दगावलेल्यांच्या पुढे मी सर्वत्र केवळ तारीख लिहिली होती. कोण उपचार चालू असताना गेले आणि कोणाला मी स्वतः सुई दिली, हे निम्म्या ठिकाणी माझे मलाच आठवेना. म्हणून एक रजिस्टर आखले आहे. त्यात चार रकाने आहेत: 1994 पासून वापरात असलेला अपघाती रुग्णांचा ट्रायाज गुणांक (इजा किती गंभीर ते सांगणारा), जो सहा बाबींना प्रत्येकी 0 ते 3 गुण देऊन 18 पैकी काढतात आणि ज्याला कोणतेही यंत्र लागत नाही, तपमान, किलोमागे प्रत्यक्ष दिलेले सलाईन, आणि शेवट कसा झाला, सुखमरण असेल तर ते प्रकृतीमुळे की खर्चामुळे.

वाचनाचे दोन तास सीपीआरच्या तत्त्वांना दिले आहेत. गेल्या शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर मदतनीसाने आणि मी जुनी घट्ट उशी टेबलावर ठेवून घड्याळ लावले. दुसरे मिनिट संपता संपता त्याचा वेग 80 वर घसरला होता आणि माझा 130 च्या पुढे गेला होता. त्याचे हात दमले होते, मला घाई झाली होती. आता फोनवर 110 ची टिकटिक लावून दर शनिवारी हे करायचे ठरले आहे.

प्रोबधारी:
उत्तम निर्णय. फक्त रजिस्टरमध्ये ‘पोटात द्रव’ असा पाचवा रकाना आत्ताच आखून ठेवावा. नंतर जागा शोधत बसावे लागत नाही.