टॉन्सिलचे खडे पिनने काढू नका
टॉन्सिलमध्ये (घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठींत) झालेले खडे सेफ्टी पिनने काढल्याचं एकांनी इंटरनेटवर लिहिलंय. कृपा करून असं करू नका! टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो, पिन लागली तर रक्त थांबवणं अवघड होतं. मलाही हा त्रास ९ वर्षं आहे. खोकताना तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा जिभेवर येतो, बोटांत चिरडला की सडक्या अंड्यासारखा वास. टॉन्सिलच्या खळग्यांत अन्नकण, मृत पेशी, जंतू साचून तो बनतो, म्हणून नुसते दात घासून तोंडाचा वास जात नाही. मला जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्याचा खूप फायदा झाला. टॉन्सिल काढून टाकायची शस्त्रक्रिया केली, तर त्यानंतर मोठ्या माणसांना साधारण २ आठवडे बरंच दुखतं. एकाच बाजूचा टॉन्सिल वाढला असेल, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.