ग्रात्समध्ये शाकाहारी काय मिळेल? आणि भोपळ्याच्या बियांचं तेल कसं निवडावं?

यावलकर: राम राम मंडळी. आई-वडील सप्टेंबरात चार दिवस ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला जाताहेत. दोघंही पक्के शाकाहारी, दारू नाही. तिथलं खास काय खाता येईल? भोपळ्याच्या बियांचं तेलही आणायचंय. अस्सल कसं ओळखावं? फोडणीला चालेल का?

तापीकाठ: फोडणीला अजिबात नको. बिया दळून, पाणी-मीठ घालून भाजतात, मग दाबून तेल काढतात. ते पुन्हा तापवलं की कडू होतं, वासही जातो. बामणोदच्या वांग्यांचं भरीत ताटात वाढलं की वरून चमचाभर कच्चं घाला, झकास लागतं.

बाटलीवर 'श्टायरिशेस क्युर्बिसकेर्नओल' (Steirisches Kürbiskernöl, म्हणजे ग्रात्सच्या श्टायरिया प्रांतातलं भोपळ्याच्या बियांचं तेल) आणि सोबत 'गे. गे. आ.' (g.g.A.) ही अक्षरं व क्रमांकाची पट्टी बघा. युरोपीय संघाचं हे भौगोलिक संरक्षण १९९६ पासून आहे. नुसतं 'सॅलड तेल' लिहिलं असेल तर ते बहुधा दुसऱ्या तेलाबरोबरचं रीतसर मिश्रण. लिटरभर तेलाला अडीच-तीन किलो बिया लागतात, त्यामुळे फार स्वस्त मिळालं तर घेऊ नका. पांढऱ्या बशीत थेंब पसरवून पाहा: पातळ थर हिरवा, जाड थर तांबूस-काळा दिसतो.

धुळे_खवय्या: केफरबोनेनचं सॅलड जरूर मागा. जांभळ्या ठिपक्यांचे मोठे घेवड्याचे दाणे, कांदा, व्हिनेगर आणि वर तेच तेल. 'श्पेक नको' एवढं सांगा, ते डुकराचं मांस.

फसगत होते ती सुपात. धिरड्याच्या पट्ट्या तरंगणारं स्वच्छ सूप शाकाहारी वाटतं, पण पाणी गोमांसाच्या हाडांचं असतं. ब्रेडवरचं 'फरहाकर्ट'ही डुकराचंच.

सप्टेंबरात 'श्टुर्म' नावाचा गढूळ, गोड द्राक्षरस सगळीकडे दिसेल. तो आंबत असतो, म्हणजे दारूच. त्याऐवजी आल्मडुडलर घ्या, वनस्पतींच्या अर्काचा सोडा.

भुसावळ_जंक्शन: तेल कायझर योझेफ प्लात्सच्या शेतकरी बाजारात घ्या. सकाळीच जा, दुपारी आवरतं, रविवारी बंद. काचेऐवजी पत्र्याचा डबा बरा: फुटत नाही, उजेड लागत नाही. विमानात हातातल्या बॅगेत बहुतेक ठिकाणी १०० मिलीच्या वर चालत नाही, म्हणून चेक-इन सामानात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून. कपड्यावर सांडलंच तर धुऊन कडक उन्हात टाका, हिरवा डाग उडतो.

यावलकर: उघडल्यावर किती टिकतं?

तापीकाठ: दोन-तीन महिन्यांत संपवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रीजमध्येच ठेवा, नाहीतर खवट होईल.