फवारणीतून होणारी विषबाधा: जागरूकतेच्या सर्वेक्षणात नेमके काय विचारावे?

प्रश्न: प्रबंधार्थी_विदर्भ

जनऔषधवैद्यकशास्त्राच्या (कम्युनिटी मेडिसिन) पदव्युत्तर प्रबंधासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकरी आणि शेतमजूर यांच्यात कीटकनाशकांच्या विषबाधेविषयीचे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण यांचे सर्वेक्षण करीत आहे. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना ८०० हून अधिक जणांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण दगावले. त्यानंतर गावोगावी जनजागृती झाली, भित्तिपत्रके लागली, संरक्षक किट वाटली गेली.

माझी अडचण अशी की, प्राथमिक चाचणीत जवळजवळ प्रत्येक जण बरोबर उत्तरे देतो. हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या दिशेने फवारावे, रिकामी बाटली घरात वापरू नये, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे. आणि त्याच शिवारात बनियनवर, अनवाणी फवारणी चाललेली दिसते. हे आचरण प्रश्नावलीत कसे पकडावे आणि ‘विषबाधा झाली’ असे कोणत्या निकषावर मानावे, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी

आधी निकषाचे पाहू. ऑरगॅनोफॉस्फेट या गटातील कीटकनाशक अंगात गेले की घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या आणि स्नायूंची फडफड दिसते. छातीत स्राव साचून श्वास कोंडतो. परंतु भर उन्हात दिवसभर पाठीवर पंप वाहिलेल्या माणसाला घाम, मळमळ आणि डोकेदुखी उष्णतेनेही होते. म्हणून फवारणीनंतर २४ तासांच्या आत एकाहून अधिक लक्षणे, आणि त्यांत बाहुली, लाळ किंवा स्नायूंचे किमान एक लक्षण, असा निकष ठेवल्यास तुमचा आकडा विश्वासार्ह होईल. सगळी औषधे मात्र या गटात बसत नाहीत, हे विसरू नका. डायफेनथियुरॉन या कीटकनाशकावर ॲट्रोपिनचा, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेटवरील उताऱ्याचा, उपयोग नाही आणि त्याला दुसरा उताराही नाही. त्या रुग्णाचा उपचार लक्षणे पाहूनच करावा लागतो. मिश्रण फवारलेले असेल तर चित्र आणखी गुंतते. त्यामुळे ‘कोणते औषध’ हा प्रश्न न विचारता बाटली दाखवायला सांगा आणि लेबल स्वतः वाचून घ्या.

रुग्णालयाच्या एकट्या नोंदवहीवर भिस्त ठेवू नका. विषप्राशन आणि फवारणीतील विषबाधा एकाच रकान्यात ‘कीटकनाशक विषबाधा’ म्हणून लिहिली जाते, आणि मग मजुराच्या आजाराचे कारण कागदावरून पुसले जाते. विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ ने राज्य शासनाला दिलेला आहे. तुमच्या प्रबंधात एक प्रकरण त्यावर अवश्य असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

उत्तर: पऱ्हाटीवाला

ताई, मी कळंबकडचा, कोरडवाहू कापूस करणारा शेतकरी आहे. आमच्या लोकांना माहिती नाही, या गृहीतकातून प्रत्येक सर्वेक्षण सुरू होते आणि तिथेच फसते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या खांद्याच्या वर गेली होती, बोंडअळीने बीटीला (अळीला प्रतिकार करणाऱ्या कापसाच्या वाणाला) दाद दिली नव्हती आणि हवा दमट, कोंदट होती. अशा दाट झाडोऱ्यात शिरून नोझल वर धरले की औषधाचा फवारा तोंडावरच येतो, मग मास्क असो वा नसो. मजुराला पंपामागे पैसे मिळतात. जितके पंप जास्त, तितकी मजुरी जास्त. हातमोजे काढ-घाल करण्यात त्याचा वेळ जातो, म्हणजे पैसा जातो. कोणते औषध कशात मिसळायचे, हे तो ठरवत नाही. शेतमालक ठरवतो, आणि मालकाला कृषी केंद्राचा दुकानदार सांगतो. शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशक उत्पादनांवर पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली, तोवर आमच्याकडील बहुतेक फवारण्या उरकल्या होत्या.

तेव्हा ‘हातमोजे घालावेत का?’ असे विचारू नका. नोझल तुंबले तर काय करता, ते करून दाखवायला सांगा. बहुतेक जण ते तोंडाने फुंकतील. पंपाचे झाकण गळते का, पाठीवरचा सदरा किती वेळ ओला राहतो, हे पाहा. मधल्या सुट्टीत खर्रा (तंबाखू-सुपारी) कोणत्या हाताने काढला जातो, तेही पाहा. ‘शेवटची फवारणी कधी?’ याला नेमकी तारीख कोणी सांगणार नाही. ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’ असे विचारलेत तर उत्तर पक्के मिळेल. आणि बायांना वगळू नका. ड्रममध्ये पाणी त्याच भरतात आणि औषधाने भिजलेले कपडे त्याच धुतात. तरी ‘तुम्ही फवारणी करता का?’ या प्रश्नाला त्या ‘नाही’ म्हणतात आणि तुमच्या यादीतून गळतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: प्रबंधार्थी_विदर्भ

दोघांचीही मनापासून आभारी आहे. प्रश्नावलीचा निम्मा भाग आता शेतावरील निरीक्षणाला देत आहे, आणि मजुरीची पद्धत व औषध निवडणारी व्यक्ती हे दोन रकाने त्यात नव्याने घालत आहे. रक्तातील कोलिनेस्टरेजची (ऑरगॅनोफॉस्फेटमुळे घटणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची) तपासणी करावी काय, एवढे कोणी सांगावे.

उत्तर: साथरोग_अभ्यासक

करावी, पण एकाच नमुन्यावर निष्कर्ष काढू नये. या विकराची पातळी माणसागणिक इतकी बदलते की, एखाद्याची पातळी बरीच घसरलेली असूनही प्रयोगशाळेचा अहवाल ‘सामान्य’ म्हणू शकतो. म्हणून पहिला नमुना फवारणी सुरू होण्यापूर्वी घ्यावा आणि हंगामातील नमुन्याची तुलना त्या व्यक्तीच्या स्वतःच्या पातळीशी करावी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून फवारणी कामगारांसाठी अशी देखरेख आहे. तिथे लाल पेशींतील पातळी मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर आली की त्या कामगाराला अशा कामापासून दूर केले जाते. ही चाचणी फक्त ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांतील कीटकनाशकांसाठी आहे. फिप्रोनिल किंवा डायफेनथियुरॉन अशा इतर कीटकनाशकांचा संपर्क तिच्यात दिसणार नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा, नाहीतर निर्दोष अहवालाचा उपयोग तक्रारकर्त्या मजुराविरुद्धच केला जाईल.

मात्र रक्त घेण्यापूर्वी एक गोष्ट मार्गदर्शकांशी बसून ठरवा. ऐन हंगामात एखाद्या मजुराची पातळी धोक्याच्या मर्यादेखाली आढळली, तर त्याला फवारणी थांबवायला सांगणे तुमचे कर्तव्य ठरते. पंपामागे पैसे घेणाऱ्याला तेवढे दिवस मजुरी कोण देणार? शेतमालक, ग्रामपंचायत किंवा प्रकल्पाचा निधी यांपैकी कोणी तरी ती देईल, याची तजवीज नैतिकता समितीकडे जाण्याआधीच लेखी करून घ्या. मूळ पातळीचा नमुना पेरणीच्या सुमारास घ्यायचा असल्याने हे काम मे महिन्यातच उरकावे लागेल.