डीडीएस लिहू नका
स्पॅनिश पदवी-प्रमाणपत्रांच्या अनुवादाबद्दल कुणी सुचवलंय की 'लिसेन्सियादो एन ओदोन्तोलोहिया' या दंतवैद्यकाच्या पदवीचं इंग्रजीत सरळ 'डीडीएस' (डॉक्टर ऑफ डेंटल सर्जरी) करावं. मी तरी करणार नाही. डीडीएस ही अमेरिका-कॅनडातली पदवी. परदेशी पदवी कुठल्या पदवीच्या तोडीची हे ठरवणं पदव्यांच्या मूल्यमापन संस्थेचं काम, अनुवादकाचं नव्हे. मूळ नाव तसंच ठेवून शेजारी 'लायसन्शिएट इन डेंटिस्ट्री' द्यावं. 'लायसन्स्ड' मुळीच नको, तो परवाना झाला!

आणि पदवीचं साल बघा, सालाप्रमाणे पदवीचं स्वरूप बदलतं. स्पेनमध्ये ओदोन्तोलोगो (दंतवैद्य) हा स्वतंत्र व्यवसाय १९८६च्या कायद्याने आला. त्याआधीची कित्येक वर्षं लोक आधी डॉक्टर होऊन मग 'एस्तोमातोलोहिया'त (मुख-दंत वैद्यकात) विशेषज्ञ होत. हल्लीच्या स्पॅनिश पदवीवर 'ग्रादो' (पहिली विद्यापीठीय पदवी) असतं, पण तीही पाच वर्षांची, ३०० युरोपीय क्रेडिटची. क्रेडिट न लिहिता नुसतं 'बॅचलर' म्हटलं तर उमेदवाराचं नुकसान होऊ शकतं. मेक्सिकोचा 'सिरुहानो देन्तिस्ता' मात्र साधा दंतवैद्यच, ओरल सर्जन नव्हे.