रूट कॅनल झालेल्या दाढेला कॅप: मेटल, सिरॅमिक की झिर्कोनिया?

सावळागोंधळ:
खालच्या दाढेचं रूट कॅनल नुकतंच झालंय, एक भिंत आधीच तुटलेली होती त्यामुळे आत भलंमोठं फिलिंग आहे. आता डॉक्टर म्हणतायत कॅप बसवायलाच लागेल, कुठली ते तुम्ही ठरवा, आणि समोर मेटल, मेटल-सिरॅमिक, झिर्कोनिया असे नमुने मांडले, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. दुखत तर काहीच नाहीये, मग टाळली तर चालेल का? आणि ज्यांनी बसवल्यात त्यांनी कुठली घेतली सांगा प्लीज.

मध्यरात्र:
टाळू नका हो. आतली नसच काढलीय म्हणून दुखत नाहीये, दाढ धडधाकट झालीय असं नाही. माझ्या बहिणीने "बघू नंतर" करत ढकललं आणि दाढ उभी चिरली, चीर पार मुळात गेली, मग काढावीच लागली.

उगाचच:
माझी मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर दातासारखा थर) आहे, बरीच वर्षं झाली, ठणठणीत. हिरडी जरा खाली सरकल्यावर कडेला काळपट रेघ दिसायला लागली पण मागे कोण बघतंय. तुम्ही झिर्कोनियाच (दातासारखं दिसणारं कडक सिरॅमिक) घ्या, हल्ली सगळे तेच घेतात.

दंतकथा:
सगळे घेतात हे काही कारण नाही :) मी डेंटिस्ट आहे, पण तुमचा एक्सरे बघितलेला नाही हे धरून वाचा.

मटेरियलच्या आधी डॉक्टरांना हे विचारा की हिरडीच्या वर धड दात किती उरलाय. चारी बाजूंनी साधारण २ मिमी असेल तर कॅपला नीट पकड मिळते. नसेल तर आधी हिरडी आणि गरज पडल्यास थोडं हाड कमी करून दात उघडा करावा लागतो, नाहीतर कितीही भारी कॅप घ्या, टिकणार नाही. कोणी पोस्ट (मुळात बसवायचा छोटा खांब) टाकू म्हणालं तर लक्षात ठेवा, पोस्टने दात मजबूत होत नाही, ते फक्त वरचं बांधकाम धरून ठेवायला असतं. उलट भिंती बऱ्यापैकी शाबूत असतील तर पूर्ण कॅपऐवजी ऑनले (दाढेचा फक्त वरचा भाग झाकणारा तुकडा) चालतो का तेही विचारा, कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासून बारीक करतात, यात तो कमी घासला जातो.

आता मटेरियल. मागच्या दाढेला अखंड झिर्कोनिया चांगली, वर पोर्सिलेनचा वेगळा थर नसतो त्यामुळे टवका उडायची भीती कमी. मात्र बसवताना घासली तर पॉलिश करून घ्या, खरबरीत राहिली तर समोरची दाढ झिजवते. मेटल दिसायला कशीही असो, त्याला दात सगळ्यात कमी घासावा लागतो आणि जागा कमी असेल तर मी अजूनही तीच सुचवते, लोक नाकं मुरडतात ते सोडा.

रात्री दात खाता का? खात असाल तर नाइट गार्डही (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) लागेल.

सावळागोंधळ:
बापरे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. कॅपखाली परत कीड लागते का?

दंतकथा:
लागते ना. कॅपला नाही, कॅप जिथे संपते त्या कडेला. आणि नस नसल्याने कळतही नाही, म्हणून फ्लॉस रोज आणि अधूनमधून एक्सरे. सिमेंटने पक्की करायच्या आधी चावून बघा, उंच लागत असेल तर तिथेच सांगा, "होईल सवय" वर गप्प बसू नका.

उगाचच:
आणि टेम्पररी कॅप असेपर्यंत चिकट काही खाऊ नका, फ्लॉस वर न ओढता बाजूने काढा. माझी निघून हातात आली होती. तशी आली तर जपून ठेवून लगेच दवाखान्यात, घरचा ग्लू अजिबात नाही!!

सावळागोंधळ:
थँक्यू सगळ्यांना. ते २ मिमीचं आधी विचारते, मग कॅपचं ठरवते. रात्री दात खाते का असं नवऱ्याला विचारलं तर तो हसायलाच लागला, म्हणजे गार्डचंही बघावं लागणार बहुतेक.