मदत हवी आहे: स्टेंटनंतर बाबांचा व्यायाम, उन्हाळा आणि दुसरा मजला (नागपूर)

प्रतापनगरकर

बाबा ५९ वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी अटॅक आला आणि त्याच दिवशी मनगटातून अँजिओप्लास्टी करून एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी) एक स्टेंट टाकला, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी. टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) इएफ, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता, ४५ टक्के. औषधं: इकोस्प्रिन आणि टिकाग्रेलोर (गुठळी होऊ नये म्हणून), अ‍ॅटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉलसाठी), मेटोप्रोलॉल ५० (नाडी कमी ठेवणारं), रॅमिप्रिल २.५ (बीपीचं). बीपी ११८/७६, बसलेली नाडी ६२. शुगर नाही, गुडघे चांगले. डिस्चार्ज कार्डावर व्यायामाबद्दल एकच ओळ आहे: ‘चालणे हळूहळू वाढवा.’

प्रश्न असे:
१) अ‍ॅप सांगतं २२० वजा वय, म्हणजे १६१, आणि त्याच्या ७० टक्के म्हणजे ११३ नाडी हवी. बाबांची चालताना ९५ च्या वर जातच नाही. वेग वाढवायचा का?
२) घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
३) एप्रिल सुरू आहे. अंबाझरी तलावावर सकाळी नेऊ की घरातच चालू देऊ?
४) कपालभाती, सूर्यनमस्कार, डंबेल: यातलं काय चालेल?
५) देखरेखीखालच्या कार्डिॲक रिहॅबसाठी (अटॅकनंतरचा नियोजित व्यायाम) इथे कुठे विचारायचं?

फिजिओ_धंतोली

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या, कारण त्यात धोका आहे. वेग वाढवू नका. २२० वजा वय हे सूत्र बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखी औषधं) न घेणाऱ्यांसाठी आहे. मेटोप्रोलॉल नाडीला वरून झाकण घालतं. ११३ गाठायला बाबांना जवळजवळ धावावं लागेल आणि तिसऱ्या आठवड्यात ते नको. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतलेली ईसीजी चाचणी) होईपर्यंत बसलेल्या नाडीपेक्षा २० ते ३० ठोके जास्त, एवढीच मर्यादा धरतात. बाबांसाठी ती ८२ ते ९२. म्हणजे ९५ ही कमी नाही, थोडी जास्तच आहे.

घड्याळापेक्षा श्रमाची जाणीव भरवशाची. श्रमाची जाणीव आकड्यात सांगणारा बोर्ग स्केल ६ ते २० असतो. ६ म्हणजे आराम, २० म्हणजे जीव तोडून. बाबांनी ११ ते १३ मध्ये राहायचं, ‘हलकं’ ते ‘थोडं कठीण’. सोपी खूण: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करायचा. मनगटी घड्याळाची नाडी अधूनमधून चुकते, म्हणून पहिले काही दिवस बोटांनी १५ सेकंद मोजून चारने गुणा आणि ताडून बघा.

टीएमटीनंतर हिशेब बदलेल. समजा औषध घेऊन सर्वाधिक नाडी १२४ आली. १२४ वजा ६२ म्हणजे ६२. त्याच्या ४० टक्के २५ आणि ६० टक्के ३७. हे ६२ मध्ये मिळवले की ८७ ते ९९ ही कामाची पट्टी झाली.

सुरुवात अशी: सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा १० मिनिटं. आधी ५ ते १० मिनिटं रमतगमत आणि शेवटी १० मिनिटं वेग उतरवत, हे त्या १० मिनिटांत धरायचं नाही. त्रास नसेल तर दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. सलग ३० मिनिटं जमली की दोनदाऐवजी एकदा, आठवड्यातून पाच दिवस. वेग त्यानंतर वाढवायचा. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात कधीच वाढवू नका.

शेवटची १० मिनिटं लोक सर्रास गाळतात आणि चक्कर तिथेच येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. एकदम थांबलं की ते पायातच साचतं, बीपी कोसळतं, आणि रॅमिप्रिल घेतलेलं असल्यामुळे सावरायला वेळ लागतो. चालून आल्या आल्या गरम पाण्याची आंघोळ नको, तेही याच कारणाने.

आयसीयू_सिस्टर

जिना बंद करायचं कारण नाही, पण खाली जाणं-येणं दिवसातून एकदा-दोनदाच ठेवा. वर येताना एका पायरीला एक श्वास आणि प्रत्येक वळणावर एक मिनिट थांबणं. पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांना सांगून एक खुर्ची ठेवून द्या. कठड्याला हात टेकवायचा, अंग ओढून वर घ्यायचं नाही. फिरून आल्यावर खालीच १० मिनिटं बसून मग जिना. जेवणानंतर तासभर जिनाही नको, चालणंही नको.

उन्हाचं म्हणाल तर मे संपेपर्यंत साडेपाचला घराबाहेर आणि साडेसहाला परत. उकाड्यात शरीर थंड ठेवायला कातडीकडे जास्त रक्त जातं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाला जास्त काम पडतं. म्हणून जानेवारीतला वेग एप्रिलमध्ये चालत नाही. अंबाझरी चालेल, बरोबर कुणीतरी हवंच. सेमिनरी हिल्सचा चढ सध्या नको. उशीर झाला तर घरातल्या पॅसेजमध्ये, कूलर लावून आणि खिडकी उघडी ठेवून चाला. बंद खोलीत कूलर दमट हवा फिरवत राहतो आणि घाम वाळत नाही.

आणि कृपया बाबांना कूलरमध्ये पाणी भरू देऊ नका. २० लिटरची बादली म्हणजे २० किलो, ती खांद्यापर्यंत उचलताना माणूस श्वास कोंडतो आणि बीपी क्षणात चढतं. पाइप लावा. गॅस सिलिंडर सरकवणंही नाही. पाणी दिवसभरात किती प्यायचं ते डॉक्टरांकडून लिटरमध्ये लिहून घ्या. इएफ कमी असलेल्यांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला नेहमी लागू पडत नाही.

योग_आणि_बळ

कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) नको. अनुलोम-विलोम श्वास न रोखता चालेल. सूर्यनमस्कारात डोकं खाली जाऊन झटकन वर येतं, या औषधांवर त्यात चक्कर येते. टीएमटी होईपर्यंत थांबा. योग म्हणजे निव्वळ मन शांत करणं, असं समजून तो सोडूनही देऊ नका. भारतातल्या २४ केंद्रांवर अटॅक आलेल्या ३,९५९ रुग्णांवर योग-केअर चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये छापून आले. पुढचे अटॅक आणि मृत्यू यांत ठाम फरक दिसला नाही, पण योग गटाचे रुग्ण रोजच्या कामांकडे जास्त चांगले परतले. तेव्हा चालण्याच्या जोडीला योग ठेवा, चालण्याच्या बदली नको.

डंबेल आत्ता नको. अटॅकनंतर पाच आठवडे आणि त्यातले चार आठवडे नियमित व्यायाम झाल्यावर, डॉक्टरांची परवानगी घेऊन अर्धा-एक किलो किंवा सर्वांत हलका रबर बँड. १० ते १५ वेळा, आठवड्यातून दोन दिवस, उचलताना श्वास सोडायचा.

दोन औषधांमुळे घोळ होतो, तो माहीत असू द्या. टिकाग्रेलोरने काहींना बसल्या बसल्या दम लागल्यासारखं होतं. घरचे घाबरून व्यायाम बंद करतात किंवा गोळीच बंद करतात. गोळी मनाने एक दिवसही बंद करायची नाही, स्टेंट गुठळीने बंद होऊ शकतो. डॉक्टरांना कळवा, पर्यायी गोळी असते. दुसरं, स्टॅटिन: चालणं न वाढवता दोन्ही मांड्या सतत दुखल्या किंवा लघवी गडद झाली तर लगेच दाखवा.

फिजिओ_धंतोली

पाचव्या प्रश्नाबद्दल: ‘कार्डिॲक रिहॅब आहे का?’ एवढंच विचारलं तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतील. नेमकं विचारा: सुरुवातीला सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेता का, ट्रेडमिलवर ईसीजी मॉनिटर असतो का, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) त्याच खोलीत आहे का. अमेरिकेत रूढ असलेला नमुना १२ आठवडे, आठवड्याला तीन, अशा ३६ सत्रांचा आहे. रोज येणं जमत नसेल तर पहिली काही सत्रं तिथे आणि पुढची घरी, अशी आखणी मागा. खर्चाची अडचण असेल तर मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयरोग ओपीडीला दाखवा आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागून घ्या.

बसलेली नाडी १०० च्या वर, बीपी १८०/११० च्या वर, ताप, किंवा तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर त्या दिवशी व्यायाम नाही. वजन वाढलं असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन.

चालताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम आला तर जागीच बसायचं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी) दिली असेल तर एक गोळी जिभेखाली, उभ्याने नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. गोळी पाकिटातच ठेवा, सुटी करून खिशात नको.

प्रतापनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या शुक्रवारी टीएमटी आहे. ओळखीच्या एकाने मेटोप्रोलॉल दोन दिवस आधी बंद करायला सांगितलं. करू का?

फिजिओ_धंतोली

नाही. निदानासाठीच्या टीएमटीआधी कधी कधी डॉक्टर ती बंद करायला सांगतात, त्यावरून हा समज झाला असेल. तुमची चाचणी व्यायामाची पट्टी ठरवायला आहे, आणि बाबा रोज गोळी घेऊनच चालणार आहेत, मग नाडीही गोळीसकटच मोजायला हवी. अचानक बंद केली तर नाडी आणि बीपी उसळतं, ते वेगळंच. चाचणीच्या खोलीत ‘व्यायाम ठरवण्यासाठी’ असं स्पष्ट सांगा, आणि गोळीनंतर रोज जितक्या तासांनी चालतात साधारण तेवढ्याच तासांनी चाचणीची वेळ मागा.